पाहुण्यांची औषधं

आमच्या दत्ताला कुणीही औषध दिलं की तो ते घ्यायचा. पुडी असो, गोळी असो, दोन्ही हात पुढे! देणारा समोर बसलाय आणि आपण नाही म्हणायचं, हे त्याला जन्मात जमलं नाही. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि मी, त्याची थोरली बहीण, माझी एक देते म्हटलं, तेव्हाही "बरं आक्का" म्हणून मोकळा झाला.

किडनी छान बसली, आणि मग बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी शर्टाचं बटण लागेना. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आमवात. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून चालू असलेल्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती आधीच दबलेली. त्यावर आमवाताचं औषध वाढवायचं तर किडनीचे आणि सांध्यांचे डॉक्टर मिळून ठरवणार. तोवर बाहेरची एकही दुखण्याची गोळी नको, आणि ताप आला तर लगेच फोन. दत्ता मान डोलवत होता. मान डोलवण्यात तो पहिल्यापासून हुशार!

थोड्याच दिवसांत शिनोलीचा एक पाहुणा सांधेदुखीवरची पुडी घेऊन निमगावला दत्ताच्या घरी आला, आणि ह्यानं ती खाल्ली. रक्ताच्या तपासणीत किडनी बिघडल्याचं दिसलं. पुन्हा पुणं, पुन्हा सलाईन. मी जुन्नरहून धावत गेले आणि वॉर्डातच कडाडले.

"पावणं लई लांबून आलं व्हतं, आक्का. त्याला वाईट वाटलं असतं."

"आणि मला, मेल्या? किडनी माझी आहे ना?"

"म्हून तर तुला सांगितलं न्हाई."

आता ह्या माणसापुढे काय डोकं आपटायचं!

किडनी सावरली, आणि पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाची बैठक बसली. मुलाच्या वडिलांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "घ्या एक. माझं गुडघं पार मोकळं झालं." आम्ही पडलो मुलीकडचे, मला तोंड उघडता येईना. नुसते डोळे वटारून दत्ताकडे बघत बसले. त्यानं हात जोडले. वाकडी बोटं धड जुळतही नव्हती.

"राग मानू नका, पावणं. किडनी भनीची हाय. न्हाई घेता यायची."

ते गृहस्थ फुगून बसले, पण लग्न ठरलं.

लग्नाच्या गर्दीत ह्यानं डॉक्टरांनी सांगितलेला मास्क काढून ठेवला. का, तर पाहुण्यांना बरं दिसत नाही! ताप आला, तोही मांडव उतरेपर्यंत लपवला. तोवर न्यूमोनिया झाला होता, त्यातून दत्ता उठलाच नाही.

डॉक्टर बाहेर आले. माझं समाधान करायला म्हणाले, "ताई, तुमच्या किडनीनं शेवटपर्यंत साथ दिली हो."

असा संताप आला मला! किडनीचं काय कौतुक सांगताय? मला माझा भाऊ हवा होता.