माझ्या फ्लेक्सवरच्या अळ्या

"मॅडम, फ्रिजच्या मागं मतं न्हाईत," बाळूभाऊ दारातून म्हणाले.

मी थेरगावातल्या एका चाळीत, परक्या बाईच्या घरात, जमिनीवर बसून तिच्या फ्रिजचा मागचा ट्रे ओढत होते. गळ्यात पक्षाचं उपरणं, कपाळावर नुकतंच लावलेलं कुंकू. बाहेर पदयात्रा खोळंबली होती आणि ताशावाला तंबाखू मळत होता. ट्रेमध्ये पाणी होतं, पाण्यात अळ्या. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्याभरात अळीचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून कोरडं करायचं. महापालिकेच्या आरोग्य खात्यात डॉक्टर म्हणून मी हे वाक्य नोकरीभर म्हटलं. झोपेतही म्हणते, असं घरचे सांगतात.

ती नोकरी मी मुदतीआधीच सोडली होती. कारण फार उदात्त नव्हतं. आम्ही फाइल वर पाठवायचो, ती "बघू" असा शेरा घेऊन खाली यायची. वाटलं, एकदा वरच जाऊन बसावं. नगरसेवकपदाचं तिकीट मिळालं. हरले असते तर नोकरीही नाही आणि खुर्चीही नाही. शिवाय सासूबाईंचं "मी तेव्हाच म्हटलं होतं" जन्मभर.

बाळूभाऊ माझ्या प्रचाराचं सगळं बघायचे. पुनावळ्याचे जुने शेतकरी, आता जमिनीच्या व्यवहारात. बाहेर आल्यावर त्यांनी मला समज दिली.

"हात जोडायचे, हसायचं, पुढं व्हायचं. खाली बघायचंच न्हाई. लोकाच्या घरातली घाण काढल्यावर लोक मत देत्यात व्हय?"

त्यांचं खरं होतं. संध्याकाळपर्यंत विरोधकांच्या पोरांनी माझं नाव 'अळीवाली बाई' पाडलं होतं. पुढचे काही दिवस मी मान ताठ ठेवून हसत फिरले. एकदा पायरी चुकले, तरी खाली पाहिलं नाही.

मग संगीताचा फोन आला. तो फ्रिज हिचाच. मूळची बीडकडची. नवरा चाकणला कंत्राटी कामगार.

"मॅडम, तुमी म्हणला तसं समदं वाळवलं. तरी आमचे हे तापानं पडलेत. शेजारच्या दोघीबी. शिफ्ट बुडायलीय. आता काय करावं?"

जेवताना हे मी नवऱ्याला सांगितलं. तो एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. भाजी खारट झाली तरी रूट कॉज शोधतो, म्हणजे चुकीचं मूळ. म्हणाला, "तू पार्ट तपासतेयस. ते बनवणारं मशीन कुठंय?"

"प्रत्येक घर पाहिलं रे."

"घराच्या वर पाहिलंस?"

सकाळी मी शिडी लावून पत्र्यावर चढले. बाळूभाऊंनी खालून शिडी धरली आणि डोळे मिटून घेतले.

आमच्या भागात कार्यक्रम संपला की फ्लेक्सचं खरं आयुष्य सुरू होतं. त्याचा आडोसा होतो, भाजीच्या गाडीचं छप्पर होतं आणि पत्रा गळायला लागला की ताडपत्री होते. या चाळीवर तसेच फ्लेक्स अंथरले होते, कडांना विटा ठेवून. मधे खोलगट भाग. पाणी दिवसाआड येतं, आलं की वरची टाकी भरून वाहते आणि तो खोलगट भाग भरतो. मी वाकून पाहिलं. पाण्याखालून कोणीतरी माझ्याकडे बघून हसत होतं. मीच होते ती. 'आपल्या हक्काच्या डॉक्टरताई'. दोन्ही गालांवर पाणी आणि पाण्यात अळ्यांची जत्रा.

"काय हाय वर?" बाळूभाऊंनी विचारलं.

"अळ्या."

"कुठं?"

"माझ्या तोंडावर."

बाळूभाऊंनी डोळे उघडून गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. मग हळू आवाजात, "गपचूप वतून टाका. कुणाला बोलू नका."

मी ते ओतलं. पण उभी राहिले तेव्हा पुढच्या पत्र्यावर मी दिसले, त्याच्या पुढच्यावरही मीच. विरोधकही होते अधूनमधून, पण बाळूभाऊंनी माझे फ्लेक्स छापताना हात सैल सोडला होता. एवढ्या पत्र्यांवर मी एकटी चढू शकत नव्हते. लोकांनाच चढावं लागणार होतं, आणि चढायचं तर कारण सांगावं लागणार होतं.

संध्याकाळी डांगे चौकाजवळ कोपरा सभा होती. मी भाषणाचा कागद बाजूला ठेवला.

"तुमच्या गल्लीत ताप कुठून येतो, ते सापडलं. माझ्या फ्लेक्सवरून. उद्या पत्र्यावर चढा. मी दिसले की पाणी ओता आणि सुरीनं भोकं पाडा, म्हणजे परत साचणार नाही. गालांवर पाडा, तिथं जास्त साचतं."

कोणी हसेना. मग पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "आन दुसऱ्याचं थोबाड दिसलं तर?"

"आचारसंहिता आहे, आजी. मी फक्त माझ्या थोबाडाबद्दल बोलू शकते."

तेव्हा जो हशा झाला, त्यात बाळूभाऊ डोकं धरून खुर्चीत बसले होते. म्हणाले, "सोताचाच फ्लेक्स फाडा म्हणणारा उमेदवार आमच्या सात पिढ्यांनी बघितला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली पत्र्यावर. मी खालून चालले की वरून बायका आनंदाने ओरडायच्या, "ताई, तुमचे दोन्ही गाल फोडले बरं का." विरोधी उमेदवाराने रिक्षा फिरवून जाहीर केलं की आमचे फ्लेक्स कोरडे आहेत. ते तपासायला लोक आणखी उत्साहाने चढले.

उडते डास मरेपर्यंत ताप थोडा रेंगाळला, मग नवे पेशंट बंद झाले. संगीताचा नवरा शिफ्टला परत गेला. मतमोजणीत मी सुरुवातीला मागे होते. थेरगावची पेटी उघडली, म्हणजे आता मशीन, आणि त्या चाळींनी मला असं उचललं की पुढच्या फेऱ्यांत कोणी मागे खेचू शकलं नाही. सासूबाईंनी सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि "मी तेव्हाच म्हटलं होतं" असं सांगितलं. गुलालात माखलेले बाळूभाऊ एका पत्रकाराला समजावत होते, "ती भोकाची आयड्या आमचीच."

खात्यात असताना मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत होते की तुमच्याकडे अळ्या आहेत. लोक दार लावून घ्यायचे. माझ्याकडे आहेत म्हटल्यावर सगळा वॉर्ड शिडी शोधायला लागला. हे मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत. पक्षात तर नाहीच नाही.