सायकलच्या आऱ्यांवर लावलेली गिटार

सायकली दुरुस्त करणाऱ्या तात्यांना गिटार कुणी शिकवली नाही. त्यांचं सगळं शिक्षण चाकापाशीच झालेलं. चाक सरळ करायचं तर एकेक आरा बोटानं छेडायचा आणि कान द्यायचा. टणकन वाजला तर ठीक, नाहीतर सैल.

समोरच्या घरातला भाडेकरू जाताना फुटक्या पाठीची गिटार टाकून गेला, ती तात्यांनी कचऱ्यात जायच्या आत उचलली. तारा एकूण एक तुटलेल्या. तात्यांनी ब्रेकच्या तारेचे पदर सोडवून तिला चढवले. आता सूर लावायचा कसा? दुकानात एक जुनं चाक टांगलेलं होतं, त्यातल्या मनाला आवडलेल्या सहा आऱ्यांचे आवाज धरून सहा तारा लावल्या. तशी गिटार जगात दुसरी नव्हती. पण तात्यांनी दुसरी पाहिलीच होती कुठे!

मग दुपारी गिऱ्हाईक नसलं की तात्या दुकानात डोळे मिटून वाजवत बसायचे. एखादं चाक आपल्याच नादात फिरत असायचं, आऱ्यांच्या सावल्या भिंतीवरून पाण्यासारख्या वाहायच्या, आणि तेलाच्या वासात गाणं कुठून तरी चालत यायचं. चाळीस वर्षांत वीसेक गाणी जमली. एक उताराचं, एक पंक्चरचं, एक बायकोसाठी बांधलेलं. बायकोला विचारलं तर म्हणायची, "माझं कसलं गाणं? नुसतं डोकं उठवलंय."

नात गिटारच्या क्लासला जायला लागली आणि घात झाला. आजोबांना खूश करावं म्हणून पोरीनं गुपचूप गिटार सरांकडे नेली, नव्या तारा घालून आणल्या.

"आजोबा, सगळ्याच तारा चुकीच्या लावल्या होत्या तुम्ही! सर इतके हसले! आता वाजवा बघू."

तात्यांची बोटं सवयीनं आपापल्या जागी गेली, आणि निघालं भलतंच. आपल्या घराचं दार उघडावं आणि आत दुसऱ्याच कुणाचा संसार दिसावा, तसं झालं.

"झकास झालीय गं," ते म्हणाले. पोर हिरमुसायला नको.

ती गेल्यावर मात्र त्यांनी एकेक गाणं धरून पाहिलं. गाणी कागदावर नव्हती, बोटांत होती, आणि बोटांना तारा ओळखू येईनात. टांगलेलं चाक केव्हाच भंगारात गेलेलं. तात्यांनी दुकानातले सगळे आरे छेडून पाहिले. नवे आरे, त्यांचा आवाजही नवा. महिनाभर गिटार भिंतीला टेकून राहिली आणि तात्या जेवताना मीठ मागायचंही विसरायला लागले.

एका दुपारी ते पुन्हा खुंट्या पिळत बसले होते. दुकानामागच्या खोलीत बायको शर्टाला बटण लावत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, ती जाड तार अजून उतरवा. घसा बसलेल्या माणसासारखी बोलायची ती."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"चाळीस वर्षं ऐकत कोण होतं, शेजारीण?"

तात्यांनी तार उतरवली. कान टवकारले. खरंच की! बायको सुईदोरा घेऊन बाहेर आली, स्टुलावर बसली. "दुसरी थोडी वर. तिसरी... हां, पुरे, पुरे! आता मांजराची शेपटी पिळू नका." पाच तारा अशा घरी आल्या.

सहावीवरून मात्र जुंपली. तात्या म्हणत वर, ती म्हणे खाली.

"गिटार माझी आहे."

"आणि गाणं कुणाचं आहे?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कबूल झाली होती बाई. तात्यांनी तार तिच्या म्हणण्याइतकी खाली आणली आणि तिचं गाणं धरलं. एके ठिकाणी ते पूर्वीपेक्षा जरा वेगळं वळलं. तात्यांनी ते तसंच वळू दिलं. बायकोनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "परत एकदा."