उसातल्या घराचा आवाज

आमच्या घरी बिबट्या टीव्ही पाहायला आला होता, ही गोष्ट आळेफाट्याच्या प्रत्येक टपरीवर सांगितली जाते आणि प्रत्येक टपरीवर चुकीची सांगितली जाते. एका ठिकाणी तो सोफ्यावर बसलेला असतो. आमच्या घरात सोफा नाही. दुसऱ्या ठिकाणी मी त्याला काठीने हुसकावतो. माझ्या हातात दुधाचे रिकामे कॅन होते. माझ्या मुलाच्या तोंडची गोष्ट या सगळ्यांपेक्षा साधी आणि म्हणून सगळ्यांपेक्षा घातक होती: आप्पा दार उघडे टाकून डेअरीला गेले. या एका वाक्याच्या आधारावर माझी पत्नी माझ्या घरातून नेली जाणार होती. म्हणून जे घडले ते मीच लिहितो आहे. पाटबंधारे खात्यात मी कालवा निरीक्षक होतो. पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या दोघांचे ऐकून घेऊन खरे काय ते ठरवण्यात माझी नोकरी गेली. मला ऐकीव गोष्टींचा तिटकारा आहे.

आमची वस्ती येडगावच्या धरणाच्या पाण्यापासून फार लांब नाही. घराच्या तीन बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला रस्त्याकडे जाणारी गाडीवाट. बिबट्या आता डोंगरात राहत नाही, उसात राहतो. मादी उसातच विते आणि तिच्या पिल्लांना डोंगर ठाऊकही नसतो. त्यामुळे आमच्याकडे वस्तीवरच्या घराने गप्प राहायचे नसते. दिवेलागणीच्या आधी टीव्ही किंवा रेडिओ मोठ्याने लावायचा, पाहायला कोणी असो वा नसो. घरात माणसे बोलत आहेत असे जनावराला वाटले पाहिजे. परक्या पाहुण्याला या रिवाजाचे हसू येते. एक संध्याकाळ काढली की हसू थांबते.

आमच्याकडे केबल होती. आळेफाट्याकडून खांबाखांबांवरून आलेली काळी वायर आमच्या आंब्याला एक वेढा घेऊन घरात शिरे. केबलवाल्याचे स्वतःचे एक चॅनल होते. त्यावर गावोगावच्या लग्नांच्या चित्रफिती, हरवलेल्या जनावरांच्या सूचना आणि सर्वांत जास्त म्हणजे दशक्रियेच्या सूचना चालत. फुलांच्या चौकटीत फोटो येई आणि एका पुरुषाचा सपाट, ना दुःखी ना आनंदी असा आवाज मृताचे संपूर्ण नाव, गाव, घाट आणि वेळ सांगे. माझ्या पत्नीला तेच चॅनल लागे. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, त्यानंतर तर दिवसभर तेच. तिची बाज मी पुढच्या खोलीत, जाळीच्या दारासमोर ठेवली, म्हणजे पडल्या पडल्या तिला वाट दिसे. कामाला येणारी बाई सकाळची कामे उरकून जाते. संध्याकाळी मी दूध घेऊन मोटारसायकलवर डेअरीला जातो, तेवढा वेळ पत्नी एकटी असते. म्हणजे ती, टीव्हीचा आवाज आणि बाहेरून कडी घातलेले लोखंडी जाळीचे दार.

मुलगा चाकणला कारखान्यात आहे. दिवाळीला आला तो खिशात बसेल एवढी एक डबी घेऊन. घरात इंटरनेटची जोडणी त्याने आधीच करून घेतली होती.

"आप्पा, केबल आता कोण ठेवतंय? त्या माणसाचाच धंदा बसलाय. यात सगळं मिळतं. हवं तेव्हा, हवं ते."

"तिला हवं ते चॅनल यात आहे का?"

"दशक्रियेचं? आप्पा, मेलेल्या माणसांच्या जाहिराती कोण बघतं हो?"

"तुझी आई बघते."

"म्हणूनच तर! तिला जरा बरं काही बघू द्या." आणि त्याने एक मालिका लावली. "एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू. तुम्ही बोटही लावू नका."

मी विरोध केला नाही, असे तो आज सांगतो. मी केला होता. तो रिमोटच्या बटणांवरून होता हे मान्य. पण विरोध तो विरोधच. त्याने पक्कड घेतली आणि आंब्याजवळ वायर तोडली. तिचे टोक फांदीवरून खाली लोंबत राहिले.

त्या डबीत एक गोष्ट अशी होती, जी आम्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. केबलला समोर कोणी आहे की नाही याची पर्वा नसे, ती बोलत राही. ही डबी काही भाग दाखवून झाले आणि कोणी बटण दाबले नाही, तर थांबते आणि विचारते, आपण अजूनही पाहत आहात का? उत्तर मिळेपर्यंत ती एक शब्द बोलत नाही. मुलगा परत गेल्यावर पहिल्याच दिवशी मी दुपारी मालिका लावून दिली. डबीचा प्रश्न पडदाभर आला तो नेमका मी डेअरीवर रांगेत उभा असताना, आणि उत्तर देणारा हात बाजेवर निर्जीव पडलेला.

त्या दिवशी मी रस्त्यावरून गाडीवाटेला वळलो. एरवी आंब्यापाशी आले की इंजिनाच्या वरूनही टीव्ही ऐकू यायचा. त्या दिवशी आला नाही. मी इंजिन बंद केले. अजून उजेड होता. उसाचे तुरे दिसत होते. ऊस कधी गप्प नसतो, पात्याला पाते घासतच असते, पण त्या वेळी तोही थांबला होता. आमचा कुत्रा आंब्याच्या बुंध्यामागे अंग चोरून बसला होता, माझ्याकडे पाहत नव्हता.

मग मला आवाज ऐकू आला. सपाट, संथ. माझ्या मनात आले, केबल परत जोडली की काय. मी वर पाहिले. वायरचे टोक तसेच लोंबत होते.

दोन्ही हातांत कॅन घेऊन मी चालत पुढे गेलो. ओट्यावर, जाळीच्या दारासमोर, बिबट्या बसला होता. माझ्याकडे पाठ. शेपूट पायरीवरून खाली सोडलेली. कान पुढे. सांत्वनाला आलेला माणूस दाराशी टेकतो आणि काही न बोलता आतले ऐकत राहतो, तसा तो बसला होता. जाळीच्या आत पडद्यावर तो प्रश्न होता. आणि माझी पत्नी, जिच्या तोंडून पक्षाघातानंतर पाणी हा शब्दही निघाला नव्हता, ती बिबट्याच्या डोळ्यांत पाहत बोलत होती.

"यांचा दशक्रिया विधी सकाळी नदीकाठच्या घाटावर होईल. सर्व नातेवाईक, मित्रमंडळी व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे."

मग थांबायची. नाव घ्यायची जागा रिकामी सोडायची, बरोबर नावाला लागते तेवढी. आणि पुन्हा, "यांचा दशक्रिया विधी."

कॅनचे झाकण वाजले. बिबट्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले, घाई न करता उठला, पायऱ्या उतरला आणि उसात गेला. ऊस हललासुद्धा नाही. मी कडी काढली, दार उघडले. मला पाहताच ती गप्प झाली.

कुत्रा आता कुठे भुंकायला लागला होता. त्याचा आवाज ऐकून शेजारच्या वस्तीवरून माझा चुलत भाऊ धावत आला, आणि टपरीवरच्या सगळ्या गोष्टींचे मूळ तोच आहे. त्याने काय पाहिले? उघडे दार, ओट्यावरचे ठसे, आणि बाजेजवळ उभा असलेला मी.

"दार सताड उघडं व्हतं, दादा. म्या सोताच्या डोळ्यांनी बघितलं."

"मी उघडल्यावर बघितलंस."

"आता ते मला काय ठावं? म्या आलो तवा उघडं व्हतं."

"कडी मी काढली. आणि तुझी वहिनी बोलत होती."

तो तिच्याकडे पाहून हसला. "वयिनी, बिबट्यासंगं बोललात, आन आमच्यासंगं न्हाई? आमी काय लई वाईट हाय का बिबट्यापरीस?"

ती छताकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक आला. ठसे पाहून मादी आहे म्हणाला, आणि ठशांच्या मागावर आम्हाला उसात घेऊन गेला. कडेच्या चार-दोन सऱ्या ओलांडल्यावर पाचट दबून एक खोलगट जागा झालेली होती, तिच्यावरची पाने घासून तकतकीत झालेली. तिथे वाकून पाहिले तर उसाच्या फटीतून आमची पुढची खोली, बाज आणि टीव्ही सरळ दिसत होते.

"आजोबा, ही कालची जागा नाही," तो म्हणाला. "इथं जनावर पुष्कळ दिवसांपासून बसतंय."

"म्हंजी टीव्ही लावला तरी?" भावाने विचारले.

"लावला तरी."

माणसांच्या आवाजाने बिबट्या लांब राहतो, असे आमचा सारा मुलूख मानतो. माझे म्हणणे त्याच दिवसापासून वेगळे आहे. आवाजाने तो लांब राहत नव्हता. तो उसाच्या कडेला बसून ऐकत होता. आवाज थांबला, तेव्हा का थांबला ते पाहायला ती मादी ओट्यावर आली. हे मी भावाला सांगितले. तो म्हणाला, "दादा, हे कुनाला बोलू नका राव. पोरगं वयिनींसंगं तुमालाबी चाकणला न्हेईल."

त्याने स्वतः मात्र माझ्या मुलाला फोन केला. मुलगा आठवड्याच्या शेवटी गाडी भाड्याने करूनच आला, मागची सीट आडवी करून त्यावर गादी टाकलेली. सातव्या मजल्यावरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये आईची खोली तयार होती.

"आप्पा, मी भांडायला आलो नाही. उद्या सकाळी निघायचं. दोघांनीही."

"कडी लावलेली होती."

"बरं. होती."

"बरं नाही. होती."

"आप्पा, तुम्ही म्हणता आई बोलली. डॉक्टर म्हणाले ती बोलणार नाही. मग मी तुमचं कडीचं तरी खरं कसं मानू, सांगा ना?"

 याचे उत्तर जिच्याकडे होते ती छताकडे पाहत होती.

संध्याकाळी त्यानेच मालिका लावली. डबीतली ती प्रश्न विचारायची खोड त्याने बंद केली होती. आता ती थांबणार नाही, असे त्याने मला दोनदा सांगितले. आम्ही दोघे बाजेच्या दोन अंगांना बसलो. जाळीचे दार नुसते लोटलेले होते. आम्ही घरातच होतो. मालिकेतली सून सासूला काही सांगायला तोंड उघडते आहे तेवढ्यात चित्र थिजले. नेट गेले होते. सुनेच्या उघड्या तोंडावर एक वर्तुळ फिरत राहिले.

मुलाने रिमोटला हात घातला. मी त्याचे मनगट धरले. "थांब जरा," मी म्हणालो.

बाहेर कुत्रा उठला आणि बाजेखाली येऊन शिरला. उसाची सळसळ बंद झाली. माझ्या पत्नीने मान वळवली आणि जाळीकडे पाहिले.

"यांचा दशक्रिया विधी सकाळी नदीकाठच्या घाटावर होईल."

मुलाने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतले. "आई?" तो म्हणाला. "आई, माझ्याकडे बघ." ती थांबली नाही. त्याने तिचा डावा हात धरायला पाहिले, तर तो बाजेच्या कडेच्या दांड्याला घट्ट आवळलेला होता. "सर्व नातेवाईक, मित्रमंडळी व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे." त्याने तिची बोटे सोडवायचा प्रयत्न केला. सुटली नाहीत. मग तो उठला, दारापाशी गेला आणि त्याने आतून कडी लावली. कडी लावताना त्याने बाहेर पाहिले आणि कडी पुन्हा ओढून पाहिली. काय पाहिले, ते त्याने मला सांगितले नाही.

सकाळी गाडी रिकामीच परत गेली.

आता मुलगा सांगतो, डॉक्टरांच्या मते वाचा गेली तरी पाठ झालेले शब्द कधी कधी शाबूत राहतात, आई बरळली. डॉक्टरांशी माझा वाद नाही. पण बरळणारा माणूस वेळ पाहून बरळत नाही. घराने गप्प राहायचे नसते हे तिला माहीत होते. टीव्ही बोलत होता तोवर तिने तोंड उघडले नाही. तो गप्प झाला तेव्हा घराच्या वतीने तिला जे येत होते ते ती बोलली.

केबल परत मिळावी म्हणून तो स्वतः आळेफाट्याला जाऊन आला. दुकानाला कुलूप होते. ते चॅनल बंद झाले होते. तेव्हापासून मी डेअरीला निघायच्या वेळी तो चाकणहून फोन करतो. फोन आवाज वाढवून तिच्या उशाशी ठेवायचा आणि मी परतेपर्यंत त्याने बोलत राहायचे. कँटीनची भाजी, सुपरवायझरचा स्वभाव, वाटेतली ट्रॅफिक. विचाराल तर सांगेल, आईची तब्येत विचारायला फोन करतो. तब्येत त्याने एकदाही विचारलेली नाही.

गेल्या आठवड्यात मी आंब्यापाशी आलो, इंजिन बंद केले आणि मुलाचा आवाज ऐकू आला नाही. फोन मध्येच कट झाला असावा. तिचा आवाज येत होता. मी कॅन हातात घेऊन पुढे गेलो. मादी ओट्यावर त्याच जागी बसलेली. पत्नी नावापर्यंत आली आणि या वेळी तिने जागा रिकामी सोडली नाही. लग्न झाल्यापासून तिने माझे नाव कधी उच्चारले नव्हते; उखाण्यातही ते तिच्या तोंडून ओढून काढावे लागले होते. आता तिने ते संपूर्ण घेतले. आधी कैलासवासी, मग माझे, मग माझ्या वडिलांचे, मग आडनाव, मग गाव. तोच सपाट आवाज. "यांचा दशक्रिया विधी सकाळी नदीकाठच्या घाटावर होईल."

मादीने मान वळवली. तिने माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा आत पाहिले, आणि ती उठून गेली.

मी पायऱ्या चढलो. कडी बाहेरून लावलेली होती. मी ती हाताने चाचपून पाहिली आणि मगच काढली. आत गेलो. पत्नी अजून घाटापर्यंतच आली होती.

"चूक आहे," मी तिला म्हणालो. "ऐक. चूक आहे हे. मी आलोय."

तिने माझ्याकडे पाहिले, आणि मला न ओळखता पाहावे तसे पाहिले. सूचना पूर्ण केली. मग तिची नजर माझ्यामागे दाराकडे गेली.

"कडी," ती म्हणाली.

मी वळून आतून कडी लावली. उशाशी फोन वाजू लागला होता.