वाऱ्यासमोरची पाळी

परवा डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "काका, छाती एकदम साफ!" ही रामभाऊंची कृपा.

ऐंशी सालच्या सुमारास नाशिकरोडला रामभाऊ आणि मी रेल्वेच्या वाघिणीतून फावड्यानं कोळसा उतरवायचो. ज्याच्या तोंडावर वारा, त्याच्या छातीत धूळ. म्हणून रोज बाजू बदलायची, असा रिवाज. लग्न होऊन मी कामावर परतलो, तर माझ्या पाळीला रामभाऊच वाऱ्यासमोर उभे. खोकत होते, तरी.

"रामभाऊ, आज माझी पाळी."

"नवरदेवा, हळद काळी करतो का? सरक तिकडं!"

मी हसून सरकलो. हळद कधीच उतरली. ते हटले नाहीत, आणि मी पुन्हा पाळी मागितली नाही.

सुट्टी झाली की ते पाठ फिरवून काळं थुंकायचे, मला दिसू नये म्हणून. मला दिसायचं.