मागं ठिवलेला मासा

आमच्या डॉक्टरच्या दवाखान्यात शिरलं की समोर काचेची मोठी पेटी हाय. आत खारं पाणी, वाळू अन् रंगीत मासे. इंजेक्शनला भ्यालेलं लेकरू तिथं घटकाभर गप बसतं. त्या पेटीची राखण माझ्या मालकाकडं, म्हंजी आमच्या पिंकीच्या पप्पाकडं, मुंजाजी नाव त्यांचं. राणीसावरगावात मेंढरं राखण्यात अन् ऊसतोडीत उमर गेली, आता परभणीत येऊन पाण्यात मीठ कालवायलेत. मी तिथंच फरशी पुसते.

पंचमीच्या सुमाराला माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, रवा शिंपडल्यावानी. दोन मेले. डॉक्टर म्हणले, "मुंजाजी, बाकीचे गेले तर पेटी बंद. मग तुला इथं काय काम?" ह्यांचं काम गेलं की आमी पुन्हा ऊसतोडीला, अन् पिंकीची दहावी बुडाली म्हणून समजा.

मासेवाल्यानं फोनवर उपाय सांगितला. सगळे मासे टबात औषधाच्या पाण्यात ठिवायचे अन् पेटी दोन महिने रिकामी. वाळूतल्या किड्याला चिकटायला मासाच घावला न्हाई की तो मरतो. सरळ गोष्ट!

पण ह्यांचं डोस्कं मेंढरावाल्याचं. ह्यांच्यात कळप चरायला निघाला की वाड्यात एक कोकरू मागं ठिवतात, वाडा ओस पडू देत न्हाईत. ह्यांनी ठिपका नसलेला एक बारका मासा पेटीतच ठिवला. बाकीचे बरे होऊन परत पेटीत आले अन् दसऱ्याला पुन्हा सगळ्यांवर रवा! किडा त्या बारक्यावरच जगला होता.

"अवो, कामून केलं असं?" मी लय भांडले. "तुमच्या कोकरापायी लेकीची शाळा जायलीय!"

"ओस पेटी बघवंना," एवढंच म्हणले. मंग स्वतःच जाऊन डॉक्टरला खरं सांगितलं. डॉक्टर चिडले, पण आणखी एक डाव दिला.

या बारीला बारका बी टबात गेला. त्याला औषध सोसलं न्हाई, मेला. ह्यांनी रोज रिकाम्या पेटीची काच पुसली. "मासे कुठं गेले?" लेकरं विचारायची. "औषधाला," हे म्हणायचे. बेजार झाला होता माणूस.

संक्रांतीला मासे परत सोडले. महिना गेला, एक ठिपका न्हाई. डॉक्टर खुश! मला तर नाचावं वाटलं. पण हे खुर्चीत मान खाली घालून बसलेले.

"आता काय झालं?"

"माझ्या मायला बी असंच घर राखायला मागं ठिवलं होतं," हे म्हणले. "आपण उसाच्या फडावर होतो, तवा एकलीच गेली."

सासूबाईचं मला ठावं होतं. ह्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मी बादली सरकवली अन् त्यांच्याजवळ बसले.