अण्णांच्या गाडीचा नवा रेडिएटर

अण्णांच्या गाडीचा रेडिएटर मी त्यांच्यावरच्या प्रेमापोटी बदलला, असं जयनगरातले आमचे सगळे नातेवाईक समजतात. मी ते कधी खोडून काढलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची पांढरी गाडी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. माझ्या लहानपणी ती चढावर हमखास तापायची. बॉनेटखालून वाफ यायला लागली की अण्णा आईला म्हणायचे, "जा, पाणी आण." आई डबा घेऊन उन्हात अनोळखी घरांची दारं वाजवत फिरायची आणि अण्णा झाडाखाली सिगारेट ओढत बसायचे. एकदा त्यांनी रेडिएटरचं टोपणही तिलाच उघडायला लावलं. उकळतं पाणी उसळून तिचा हात कोपरापर्यंत भाजला. "फडकं जाड घ्यायची अक्कल नको?" अण्णा म्हणाले. मग तिनं आणलेलं गार पाणी त्यांनी आधी गाडीत ओतलं.

ऐंशी उलटल्यावर त्यांचे पाय थरथरायला लागले आणि चावी माझ्याकडे आली. मी आमच्या जुन्या मेकॅनिककडून मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बनवून घेतला. अण्णांना ते मुळीच पटलं नाही.

"पितळेच्याला काय धाड भरली होती? बायकांच्या हाती गाडी दिली की ती तापणारच."

मेकॅनिकनं काढलेला पितळी रेडिएटर माझ्यासमोर कापला. आतल्या निम्म्याहून जास्त नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या होत्या.

"बोअरचं पाणी, अक्का," तो म्हणाला. "मी अण्णांना किती वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, हे खोलून साफ करू या म्हणून. ते म्हणाले, राहू दे, पाणी आणायला माणूस आहे घरात."

मी तो तुकडा तिथंच टाकला. घरी कुणाला काही बोलले नाही.

एप्रिलमध्ये देवनहळ्ळीला आतेभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मी मुद्दाम भर दुपारी निघाले. अण्णांना पुढं माझ्याशेजारी बसवलं, आई मागं. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाड्यांची रांग जागची हलेना. दर दोन मिनिटांनी मी त्यांना म्हणत होते, "तापमानाचा काटा बघा, अण्णा. आहे तिथंच आहे ना?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. गर्दी मागं पडल्यावर मात्र हळूच म्हणाले, "स्वल्प बाजूला घे गं. मला जाऊन यायचंय."

त्यांना प्रोस्टेटचा त्रास होता. मला ते माहीत होतं, त्यांच्या गोळ्या मीच आणायचे. डावीकडे पेट्रोल पंप दिसत होता.

"गाडी तापलेली नाही," मी म्हणाले. "मग थांबायचं कशाला?"

पंप मागं गेला. आणखी एक गेला. अण्णांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता.

मागून आई म्हणाली, "अगं, थांबव. होत नाही त्यांना."

"पोचतोच आहोत."

"थांबव म्हणते ना!"

मी थांबवली नाही. आईचा आवाज एवढा चढलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता, तरी नाही थांबवली. वळणावर अण्णा "आई गं" असं काहीतरी पुटपुटले आणि त्यांचे हात सुटून मांडीवर पडले. वास आला तेव्हा मला कळलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. फार वेळ नाही, पण वाटलं.

आतेभावाच्या दाराशी आईनं आहेराची नवी साडी पिशवीतून काढली, घडी मोडून अण्णांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि त्यांना मागच्या दारानं आत नेलं. मला हातही लावू दिला नाही. नंतर अण्णा आतेभावाचं धोतर नेसून पाहुण्यांत येऊन बसले. कुणीतरी गाडीचं विचारलं.

"छान आली," ते म्हणाले. "एकदाही तापली नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते.

परतताना आईनं आतेभावाला टॅक्सी बोलवायला लावली आणि दोघं तिच्यातून गेली. रात्रीची भांडी आवरताना मी तिला रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्यांबद्दल सांगितलं, मेकॅनिक काय म्हणाला तेही सांगितलं. वाटलं होतं, तिला समजेल.

"मला ठाऊक होतं ते," आई म्हणाली. "मी तिथंच उभी होते तेव्हा."

"मग? तुझ्यासाठीच केलं मी."

"माझ्या नावावर घालू नकोस," ती म्हणाली. "तुला करायचं होतं, तू केलंस." आणि तिनं नळ सोडला.

अण्णा त्यानंतर वर्षभर होते. त्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. दवाखान्यात जायचं असलं की आई रिक्षा बोलवायची, आणि मी दारात उभी राहून म्हणायचे, मी सोडते ना. "सरी, सरी, ठीक आहे, तू राहू दे," असं म्हणत ती त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवायची.