ब्रेकचा दिवस आणि दुसरी पायरी

आमच्या पोलीस ठाण्यात मदतनीस बायांचा पगार वाढायच्या तीन पायऱ्या आहेत. त्यांचा तक्ता आमच्या ऑर्डरी काढणाऱ्या बाबूच्या टेबलामागे भिंतीवर लावला आहे. ओल लागू नये म्हणून त्याला प्लॅस्टिक घातलं आहे. ठाण्यातल्या आमच्या बसायच्या खोलीचं छप्पर गळतं, पण तक्ता कोरडा राहतो. तिसऱ्या पायरीला दहावी पास लागते. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे ती पायरी मी कधी मनात धरली नाही. दुसरी मात्र माझी होती. तिला एकच अट, एक वर्ष सलग सेवा.

आणि आमची ऑर्डर निघते अकरा महिन्यांची.

हे ज्याने बसवलं त्याला मोठी पदवी असणार, साध्या माणसाला एवढं सुचत नाही. अकरा महिने भरले की एक दिवस ब्रेक. त्या दिवशी ठाण्याने दिलेलं जॅकेट जमा करायचं आणि घरी बसायचं. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर यायचं, पण नवीन म्हणून. जुनी सेवा तुटली, पुन्हा पहिली पायरी. मी आजवर पाच वेळा नवीन लागले आहे. प्रत्येक वेळी बाबू विचारतो, "कामाची माहिती आहे ना, ताई?" आणि मी मान हलवते.

काम असं आहे. वस्तीतल्या बायांना मोहल्ला सभेला बोलावून आणायचं, खुर्च्या मांडायच्या, पाहुण्यांना पाणी द्यायचं. आणि एखादी बाई तक्रार घेऊन आली की तिला तोंड फुटेपर्यंत तिच्याजवळ बसायचं. हे शेवटचं मला जमतं. मला स्वतःलाच चारचौघांत बोलता येत नाही, त्यामुळे मी कोणाला घाई करत नाही. ठाण्याचे मोठे साहेब सभेत सांगतात की या बाया म्हणजे जनता आणि पोलीस यांच्यातला पूल आहेत. पूलही दर वर्षी एक दिवस पाडून पुन्हा बांधत असतील, कोणाला माहीत.

गेल्या ब्रेकच्या दिवशी मी घरी तांदूळ निवडत होते. तांदूळ गावाकडून, कुहीहून, माझ्या भावाने पाठवलेला. नवरा इतवारीच्या बाजारात ठेला ओढतो, तो त्या दिवशी उशिरा निघाला होता.

"आज काहून घरी वं?" त्याने विचारलं.

"ब्रेक आहे."

"पुन्हा तुटली का तुयी नोकरी?" तो हसला. "माह्या ठेल्याचं चाक इतक्या वेळा नाही तुटत. ते लोखंडाचं आहे, सरकारी नाही."

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे आमच्या ठाण्यातल्या फौजदार. आमच्याच वस्तीतली एक बाई आली होती, नवऱ्याने मारलेली. दीड तास बसली होती आणि कोणाशी बोलत नव्हती. फक्त एवढंच म्हणत होती, त्या पाणी देणाऱ्या बाईला बोलवा.

"मॅडम, माझा आज ब्रेक आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे ताई. पण तुम्ही या."

गेले. दारात बाबू उभाच होता. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. समोरून येऊ नका, मागच्या दाराने या, म्हणाला. जॅकेट मागितलं तर दिलं नाही. "आज तुम्ही नाही आहात ताई, समजून घ्या. कोणी विचारलं तर पेशंटच्या नातेवाईक आहात." ठाण्यात पेशंट कुठला, हे मी विचारलं नाही.

त्या बाईचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. मी तिच्याजवळ बसले. बराच वेळ आम्ही दोघी पंख्याकडे पाहत होतो. मग ती म्हणाली, "पहिले पोराच्या डब्याचं ऐकशीन का?" मी हो म्हटलं. डब्यात भाजी नव्हती, तिथून भांडण निघालं होतं. डब्यापासून सुरू झालेलं बोलणं मग पाच वर्षं मागे गेलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. तिला दवाखान्यात नेऊन आणलं, तिथला कागदही त्याच दिवसाचा झाला. शेवटी जबाबाखाली, माझ्यासमोर सांगितलं म्हणून, मी सही करायची होती. मॅडम दुसऱ्या फोनवर बोलत बाहेर गेल्या आणि बाबू आत आला.

"ताई, सही करा, पण तारीख उद्याची टाका."

"काहून?"

"उद्या तुमची नवीन ऑर्डर निघते. आज तुम्ही कामावर नाही. आजची तारीख टाकली तर ब्रेकमध्ये काम केलं असं दिसते. मंग ब्रेक कसला राहिला?"

त्या बाईने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मार आजचा, दवाखाना आजचा, जबाब आजचा आणि सही उद्याची. उद्या तिच्या नवऱ्याच्या वकिलाने तेवढ्यावरच बोट ठेवलं असतं. मी आजची तारीख टाकली. तिच्यासाठी टाकली हे खरं आहे. आपली सेवा तुटली नाही याची खूण झाली, हेही त्याच वेळी माझ्या मनात आलं, आणि ते वाईट होतं असं मला वाटत नाही.

बाबू म्हणाला, "तुम्ही मले मारून राहिल्या ताई."

त्या बाईला हसू आलं, पण ओठ फाटलेला असल्यामुळे तिने ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी नवीन लागले. त्यानंतर मी मनातल्या मनात बोलण्याची तयारी केली. भांडी घासताना करायची, रस्त्याने जाताना करायची. नवरा म्हणायचा, "ओठ काय हलवून राहिली? मंत्र म्हणतेस का गा कोणावर?" बायांना वं म्हणतात, गा नाही, पण चिडवायचं असलं की तो मला गडी करतो. शेवटी एक दिवस बाबूसमोर उभी राहिले आणि म्हटलं, ब्रेकच्या दिवशी मी काम केलं, माझी सेवा सलग झाली, मला दुसरी पायरी द्या. एवढं एका दमात बोलले आणि पुढे काही उरलं नाही.

बाबू वाईट माणूस नाही. तो स्वतःही करारावरच आहे, त्याचाही ब्रेक होतो. तरी तक्त्याकडे पाठ करून बसल्यामुळे तो तक्ता त्याचाच आहे असं त्याला वाटत असावं. तो म्हणाला, वर विचारतो. मॅडमनीही सांगितलं, मी लिहून देते, त्या दिवशी यांनी काम केलं आहे. आणि त्यांनी खरंच लिहून दिलं.

बरेच दिवस काही आलं नाही. मग जनतेचा मेळावा ठरला. मंडप, हार, संत्र्याचा रस. मी ग्लास भरत होते. माईकवर माझं नाव घेतलं. मला वाटलं दुसऱ्या कोणाचं असेल. बाबूने मागून ढकललं, "जा ना ताई, साहेब थांबले आहेत."

स्टेजवर माझ्या हाताला रस लागलेला होता. साहेब माईकमध्ये बोलत होते की या ताईंनी आपल्या सुट्टीच्या दिवशी, एक रुपया न घेता, स्वेच्छेने एका पीडित भगिनीला आधार दिला. टाळ्या झाल्या. फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र माझ्या हातात दिलं.

मी हळूच म्हटलं, "साहेब, सुट्टी नव्हती. ब्रेक होता. मॅडमनी बोलावलं होतं."

"हो हो, इकडे पाहा," साहेब म्हणाले. फोटोवाला समोर होता.

सोमवारी मी बाबूला विचारलं, माझ्या पायरीचं काय झालं. तो फार मऊ आवाजात बोलला. "ताई, उत्तर तर आलं ना. वरून आलं, त्या दिवशी तुम्ही स्वेच्छेने आल्या. स्वेच्छेने आलेलं सेवेत धरत नाहीत. आणि तुम्ही प्रशस्तिपत्र घेतलं, म्हणजे तुम्हाला मान्य झालं."

"मी कुठं काही मान्य केलं?"

"घेतलं ना हातात. फोटो आहे."

म्हणजे सगळा मंडप, हार आणि रस यासाठी होता असं मी म्हणत नाही. मेळावा तसाही होणार होता. पण त्यात माझी पायरीही उरकून घेतली. एका मदतनीस बाईला दुसऱ्या पायरीचे थोडे पैसे जास्त द्यायचे नाहीत, म्हणून वरच्या ऑफिसात किती डोकी बसली असतील, फ्रेम कोणत्या दुकानातून आणायची हे कोणी ठरवलं असेल, याचा विचार केला की मला त्यांची दया येते. खूप शिकून हेच करायचं असेल तर माझी चौथी पुष्कळ झाली.

प्रशस्तिपत्र मी बाबूच्या टेबलावर ठेवलं. "मंग हे परत घ्या, भाऊ."

"ताई, देलेला मान परत घ्यायची पद्धत नाही."

"आणि देलेली पायरी?"

"ती देलीच कुठं."

त्याला स्वतःलाच हसू आलं. मी फ्रेम तिथेच ठेवून निघाले. दुसऱ्या दिवशी आले तर ती आमच्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती, बरोबर माझ्या खुर्चीच्या वर. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, साहेबांनी सांगितलं, येणाऱ्या बायांना विश्वास वाटेल.

आता तक्रार घेऊन येणारी बाई समोर बसली की पहिले तेच वाचते. काही जणी बोट ठेवून वाचतात, माझ्यासारख्या. काल एक म्हातारी आली होती, सुनेने घरातून काढलेली. तिने सोबत आलेल्या मुलीकडून ते वाचून घेतलं आणि पदराची गाठ सोडायला लागली.

"बाई, तुमी फुकट करता का हे? घ्या, चहाले तरी घ्या."

मी तिची गाठ परत बांधली. म्हटलं, "पगार आहे मावशी. पहिल्या पायरीचा आहे."

"कितवं वर्ष?"

"नवीनच लागली मी," मी सांगितलं, आणि तिच्या सुनेचं विचारायला घेतलं.